दादाचा पल्ला

मी पोटात असताना आईने क्राजा खाल्लं होतं. क्राजा म्हणजे पहाटे झाडाच्या शेंड्यावर बसून आख्खं रान उठवणारं मोठं माकड. म्हणून मी क्राजागी. नावाला जागले आहे असं सगळे म्हणतात. माझा आवाज ओढ्यापलीकडे जातो आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी एक गोष्ट मी पुष्कळ दिवस तोंडात धरून ठेवली होती, आणि ती माझ्या थोरल्या भावाच्या बाणाबद्दल होती.

आमच्यात ज्याने जनावर मारलं त्याने ते खायचं नाही. कापायचं नाही, कापताना बघायचंही नाही. त्याने बाण सोडायचा, हाक मारायची आणि जागेवर थांबायचं. माग काढायला दुसरे जातात, जनावर शोधून बाण उपटतात, पाल्यात गुंडाळून मुक्कामावर आणतात. बाण धुऊन त्याचा त्याला परत मिळतो. तो आपला शेकोटीपासून लांब, पाठ करून बसतो. आम्ही विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. फार तर म्हणायचं, "लहानच आहे, नुसती हाडं." शिकाऱ्याचं कौतुक केलं की हात माजतो, नाव ठेवलं की हात बांधला जातो. मग तो माणूस रानात नुसता फिरायला जातो आणि रिकामा परत येतो. असे बांधलेले हात मी पाहिलेत. ती माणसं पुढे आमच्या नजरेला नजर देत नाहीत.

म्हणजे बाण कुठे लागला हे मारणाऱ्याला कळत नाही. ते कापणारीला कळतं.

तातुंगीदादाची बायको गेली तेव्हापासून त्याचं जनावर मी कापते. पूर्वी त्याच्या हरणाचं भोक पुढच्या पायाच्या मागे, बोटभर वर असायचं. जनावर दोन उड्या मारून खाली. मांस लालभडक, गोड. मग ते भोक सरकायला लागलं. आधी बरगड्यांच्या मधोमध आलं, मग शेवटच्या बरगडीशी, आणि गेल्या पावसानंतर तर सरळ पोटात. सुरी घातली की हिरवी घाण बाहेर यायची. मांस काळपट पडलेलं, कारण जनावर फार पळालेलं असायचं. माग काढणारी पोरं दमून यायची आणि पाणी पिता पिता म्हणायची, "तातुंगीमामाची हरणं चालायला फार बुवा!" एवढंच. याहून जास्त कोणी बोलत नसे. मी ते मांस ओढ्यावर धुऊन धुऊन आणायची आणि गप्प बसायची.

गप्प बसणं मला जमलंही असतं. पण माझी लेक जापेगी गरोदर राहिली.

पोटातलं मूल आईच्या तोंडातून मांस निवडतं. कोणत्या मांसाने पोर धरलं हे आईलाच कळतं, आणि तेच नाव पोराला लागतं. ते जनावर ज्याने मारलं तो त्या पोराचा नावाचा बाप होतो. पोर जन्मलं की तोच त्याला जमिनीवरून उचलतो. पुढे पोर मोठं झालं की आपल्या शिकारीचा पहिला वाटा त्याच्याकडे नेतं, म्हातारपणी त्याच्यासाठी लाकडं फोडतं, त्याच्या शेकोटीशी झोपतं. दादाला मूलबाळ नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या मांसाने कोणाचं पोर धरलं, असंही झालं नव्हतं. शेकोटीशी तो एकटा. तोंडाने कधी काही बोलला नाही, पण एकदा जापेगीजवळ बसून जमिनीकडे बघत म्हणाला, "पोटातल्याला काय आवडतं गं?"

"मामा, त्याला अजून तोंड फुटलेलं नाही," ती म्हणाली.

"फुटलं की सांग."

ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. आमच्या म्हाताऱ्या सांगून गेल्यात की रेंगाळत मेलेल्या जनावराचं नाव पोराला लागू देऊ नये, ते पोर जन्मभर झोपेत पळतं. म्हणून दादाच्या शिकारीतला एकही तुकडा मी लेकीच्या पानावर पडू देत नव्हते. तो तिकडे पाठ करून बसलेला असायचा. त्याला वाटत असेल, आपलं मांस भाचीच्या पोटात चाललंय.

सांगावं तर हात बांधला जाणार. न सांगावं तर भोक आणखी मागे सरकणार. करायचं काय?

सोयाबीनची पेरणी सुरू झाली तसे आम्ही वस्ती सोडून राखीव रानात मुक्कामाला गेलो. तिथे बंदूक चालत नाही, धनुष्यच चालतं. माझा जावई ट्रॅक्टर झकास चालवतो, धनुष्य त्याच्या हातात काठीसारखं दिसतं, म्हणून तो वस्तीवरच राहिला. रानात पहाट फार हळू होते. शेकोटीची राख उबदार असते, झाडांमध्ये धुकं अडकलेलं असतं, आणि माणूस धड जागा नसतो धड झोपलेला नसतो. त्या वेळेला आम्ही पडल्या पडल्या एकमेकांना स्वप्नं सांगतो. कोणाची आई येऊन गेलेली असते, कोणाला मधाचं पोळं दिसलेलं असतं. स्वप्नात काहीही बोललं तरी चालतं. स्वप्नाला कोण अडवणार?

अशाच एका पहाटे मी म्हणाले, "दादा, मी हरीण झाले होते."

"बरं," तो राखेपलीकडून म्हणाला.

"जिथे आता सोयाबीन आहे ना, तिथे तेव्हाचं रान होतं. मी कोवळा पाला खात होते. तू आलास."

"मग?"

"बाण आला."

तो जरा उठून बसला. "कुठे?"

मी उभी राहिले. धुक्यात त्याला मी नीट दिसतही नसेन. मी माझ्या शेवटच्या बरगडीच्या मागे, मऊ पोटावर हात ठेवला. "इथे."

"मेलीस?"

"लवकर नाही. ओढा ओलांडला. बांबूच्या बेटात गेले. तहान लागली म्हणून पाणी प्यायले, तर ते पोटातून बाहेर आलं. मग पडून राहिले. ऊन कलेपर्यंत पडून राहिले, दादा."

खोटं होतं ते. असलं स्वप्न मला पडलं नव्हतं. पण बोलता बोलता हात पोटावरून हलेना.

दादा एका काटकीने राख उकरत राहिला. मग म्हणाला, "वाईट स्वप्न."

"हो."

"परत पडलं तर सांग."

त्या दिवशी तो शिकारीला गेला नाही. ओढ्याच्या काठी एक कुजलेलं खोड होतं, त्यावर त्याने चिखलाने एक लहान पान चिकटवलं. मी पाणी आणायला गेले होते, म्हणून मला दिसलं. तो नेहमीच्या अंतरावर उभा राहिला, बाण सोडला आणि बाण पानाच्या खाली, जरा बाजूला घुसला. मला वाटलं आता दुसरा सोडेल. पण त्याने धनुष्य खाली ठेवलं आणि त्या बाणाकडे बघत बसला.

"दुसरा सोड की," मी म्हणाले.

"दुसरा काय, लागेलच. तिसरा तर पानाच्या देठावर लागेल. हात तापला की कोणीही मारतो." तो म्हणाला. "रानात थंड हाताने एकच मिळतो. तो पहिला बाण खरा, बाकीचे आपले मन राखायला."

तेव्हापासून रोज पहाटे तो एकच बाण मारी. अंगातली झोप गेलेली नसताना, बोटं आखडलेली असताना. चुकला की दुसऱ्या पहाटे एक ढांग पुढे सरके. रोज थोडं पुढे. बाण कुठल्या बाजूला गेला, दोरी कशी वाजली, हे तो मनात घोळवत बसे. आम्ही बायकांनी धनुष्याला हात लावायचा नसतो, पण डोळे लावायला कोणाची बंदी नाही. मी घडा भरता भरता बघायची. एका पहाटे मला दिसलं की दोरी त्याच्या गालापर्यंत येतच नाही. खांदा थरथरतो, आणि दोरी पोचायच्या आधीच बोटं सुटतात. बाण अर्ध्या जोराने निघतो. तो पोचेपर्यंत चालतं हरीण एक पाऊल पुढे गेलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वप्न सांगितलं. मी दादाच्या धनुष्याची दोरी झाले होते, आणि त्याच्या गालाला टेकायचं म्हणून धावत होते, पण वाटेतच मला कोणीतरी सोडून दिलं.

दादा हसला. "तुझी स्वप्नं बरीच शहाणी व्हायला लागली."

"माझं डोकं शहाणं आहे, स्वप्नं कुठून वेडी पडणार?"

ते धनुष्य त्याने ऐन जवानीत केलेलं, माणसापेक्षा उंच, पिंडो माडाच्या काळ्या लाकडाचं. ते त्याने एका झाडाला टेकवून ठेवलं आणि नवीन करायला घेतलं. सुरीने तासत तासत एवढं बारीक केलं, की बघणाऱ्यांना लाज वाटावी. चेवुगीला तर हसण्याच्या उकळ्याच फुटल्या. चेवुगी म्हणजे आमच्या टोळीतला सगळ्यात तेज जवान. हात सोन्याचा, जीभ चिंचेची.

"मामा, हे कोणाला? पोटातल्याला आत्तापासूनच?"

"हो," दादा म्हणाला. "तोवर मी मोडतं का ते बघतो."

"आणि त्या पानाला काय म्हणून मारता? त्याने काय केलंय तुमचं?"

"उभं राहतं बिचारं. हरीण कुठे उभं राहतं माझ्यासाठी?"

सगळे हसले. मी चेवुगीला म्हणाले, "मेल्या, तुझ्याही खांद्यात एक दिवस वाळवी शिरेल, मग बघते." तोही हसला. त्याच्या मनात पाप नव्हतं. तरुण होता, एवढाच त्याचा गुन्हा.

नव्या धनुष्याची दोरी मात्र गालापर्यंत आली आणि तिथे थांबली. दादा श्वास सोडून, पानाच्या एकाच शिरेकडे बघत राहायचा आणि मग बोटं नुसती उघडायची. बाण पानात बसायला लागला, पण अगदी जवळून. एवढ्या जवळून की तिथून हरणाच्या पापण्या मोजता याव्यात. त्याहून लांब एक ढांग गेला तरी पहिला बाण भरवशाचा राहत नसे.

"हा माझा पल्ला," त्याने मला सांगितलं. "यापुढचं हरीण माझं नाही."

"इतक्या जवळ हरीण येऊ देतं होय?"

"मी जायला शिकेन."

आणि तो शिकला. सगळे पुढे गेले तरी तो मागे राहायचा. वारा तोंडावर घेऊन, पाय टाकण्याआधी वाळकं पान बोटाने बाजूला करून, एक एक पाऊल. मी टोपली पाठीवर घेऊन मागे उभी असायची, आणि मला वाटायचं की तो चालतच नाही, झाडंच त्याच्या बाजूने हळूहळू मागे सरकताहेत. ऊन पानांमधून गळायचं, कुठे एखादा पक्षी दोनदा बोलून थांबायचा. मी जागी आहे की निजलेय हे मला कळायचं नाही. त्याच दिवसांत मला खरंच स्वप्नं पडू लागली. खरीखुरी. मी चार पायांवर उभी असे, कोणीतरी जवळ येत असे, आणि मला त्याची भीती वाटत नसे.

कित्येक दिवस तो रिकामा परत आला. मग एका दुपारी त्याची हाक ऐकू आली. पोरं माग काढायला निघाली आणि लगेच परत आली, कारण माग नव्हताच. एक कोआटी होता, लांब नाकाचा, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा, कुजक्या खोडातल्या अळ्या उकरत असलेला. उकरता उकरताच पडला होता. नाकाला अजून ओला भुसा लागलेला.

"लहानच आहे," दादा म्हणाला आणि पाठ करून बसला.

मी सुरी घातली. जापेगी शेजारी बसली होती, तिला आता वाकता येत नव्हतं. भोक पुढच्या पायाच्या मागे, बोटभर वर. आत सगळं स्वच्छ. मांस लालभडक. माझे हात थांबले. मी लेकीकडे पाहिलं, तिने भोकाकडे पाहिलं. एवढ्या माणसांत एक कोआटी, म्हणजे वाट्याला मूठभर. लेकीची मूठ मी पहिली भरली. कितीतरी दिवसांनी तिने मामाचं मांस खाल्लं, आणि मामाला ते माहीत नव्हतं.

पण मूठभर कोआटीने कोण पोर धरतं? पोर धरायला मोठं जनावर लागतं, असंच आम्ही सगळे समजून होतो. मी हरणाची वाट बघत होते.

हरीण आलं. लेकीचे दिवस भरत आले होते तेव्हाच आलं. दादा पुढे होता, चेवुगी त्याच्या मागे, मी त्याच्याही मागे. उतारावर पालवी फुटलेली, त्यात ते उभं, कूस आमच्याकडे केलेलं, पुढचा पाय पुढे टाकलेला. असं उभं राहिलेलं हरीण माणसाला जन्मात एकदा मिळतं. दादाने दोरी गालापर्यंत आणली. मी श्वास धरला. मनातल्या मनात मी त्या पोराला नावसुद्धा दिलं, वाचुगी. आमच्यात हरणाला वाचु म्हणतात.

दादाने दोरी हळूच परत सोडली. बाण न सोडता. मग एक पाऊल पुढे टाकलं, आणखी एक टाकायला पाय उचलला. हरणाने मान वर केली. मागून चेवुगीची दोरी वाजली.

सुंदर बाण होता, खोटं का बोला. हरीण दोन उड्यांत पडलं. संध्याकाळी मुक्कामावर चरबीचा वास दरवळत होता, पोरं हाडं चोखत होती, आणि जापेगी पोट भरून खात होती. चेवुगी रीतीप्रमाणे लांब पाठ करून बसला होता, पण त्याची पाठसुद्धा खूश दिसत होती. दादा माझ्या शेजारी बसून आज सगळ्यांसारखं मांस खात होता. कोणीतरी विचारलंच, "मामा, तुम्ही पुढे होता ना?"

"लांब होतं," दादा म्हणाला.

माझ्याने राहवलं नाही. त्याला ओढ्याकडे नेऊन मी भांडले. "लांब होतं म्हणे! उभं होतं ते, दगडासारखं उभं! सोडायचास ना! एकदा तरी सोडायचास! पोर गेलं आता चेवुगीच्या घरात. त्याला काय कमी आहे? उद्या त्याची स्वतःची दहा होतील. आणि तू बस एकटा राख उकरत!"

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सोडला असता. लागलाही असता. कुठे लागला ते सांगायला तुला परत स्वप्न पडलं असतं."

म्हणजे माझी ती स्वप्नं खोटी होती हे त्याला माहीत होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

"तसलं नाव मला नको त्याला," तो म्हणाला आणि पाणी प्यायला वाकला. वाकताना त्याने खांदा धरला. मला इतकं रडू आलं, की मी पाठ फिरवली. बिचारा बरोबर होता, आणि बरोबर असून रिकामा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, धुकं उतरायच्या आत, जापेगीला मुलगी झाली. नाळ कापली, कोमट पाण्याने अंग पुसलं, आणि पोरीला पाल्याच्या अंथरुणावर ठेवलं. सगळे गोळा झाले. चेवुगी हात धुऊन, केस ओले करून पुढे बसला होता. दादा सगळ्यात मागे, झाडाशी. आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई जापेगीजवळ वाकली आणि विचारलं, "कोणत्या मांसाने धरलं गं?"

विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

जापेगी थकलेली होती. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "कारे."

कारे म्हणजे कोआटी. कोणाला कळेना. म्हातारी म्हणाली, "अगं, कोआटी? मूठभर तर होता तो. हरीण खाल्लंस ना तू पोटभर?"

"हरीण मी खाल्लं," जापेगी म्हणाली. "हिने नाही खाल्लं. हरीण खाल्लं तेव्हा ही झोपली होती. कोआटी खाल्ला तेव्हा हिने लाथ मारली, आणि मग इतकी शांत झाली, की मी घाबरले. त्या जनावराला कळलंसुद्धा नव्हतं आजी. अळ्याच खात होतं ते." मग डोळे उघडून तिने माणसांमधून मागे बघितलं. "कारेगी नाव हिचं. मामाला बोलवा."

चेवुगी क्षणभर तसाच बसला. मग उठून त्याने वाट करून दिली. "चला मामा," तो म्हणाला, "आता जवळच आहे."

दादा आला. येताना कोणाकडे बघत नव्हता. अंथरुणाशी गुडघे टेकले आणि हात पुढे केले, मग मागे घेतले, अंगाला पुसले, परत पुढे केले. त्याने पोरीला उचललं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि खाली घ्यायचं विसरलाच. त्याचा खांदा दुखत असणार. तो रडत होता, आणि डोळे पुसत नव्हता, कारण दोन्ही हातांत पोर होती.